चिनी लोकांचं महाभारत कोणतं?

विचारलंय ते थोडक्यात असं: थांग काळातल्या कवितांची इंग्रजी भाषांतरं वाचून गोडी लागली, आता मुळापासून वाचायचं आहे. तर चिनी लोकांचं रामायण-महाभारत कोणतं? आधी पुराणकथा आणि मग त्यांवर कविता, हाच क्रम तिथेही आहे का? आणि माकडराजा सुन वुकोंग म्हणजे आपला मारुतीच का?

मी अभिजात चिनी शिकवते, तिथल्या कविता मराठीत आणायचा खटाटोपही बरीच वर्षं चालू आहे. हे प्रश्न वर्गात दर वर्षी येतात आणि पहिल्याचं उत्तर ऐकून पोरांचे चेहरे पडतात. अभिजात चिनी भाषेत महाभारत नाही, रामायणही नाही. तिबेटी आणि मंगोल लोकांकडे गेसर राजाचं अवाढव्य महाकाव्य आहे, पण हान लोकांच्या वाङ्मयात तसं काही रचलंच गेलं नाही.

आपल्याकडे कथा आधी असते, ती सगळ्यांना पाठ असते, आणि पंतकवी, शाहीर, कीर्तनकार तिच्यावर आपापला साज चढवतात. चीनमध्ये बऱ्याच वेळा उलट घडलं. कवितेत आधी नुसतं एक नाव आलं, किंवा एक ओळ. पुढच्या कवीनं ती उचलून तिला काहीतरी जोडलं. असं हजार-दीड हजार वर्षं चाललं आणि मग कुठे पूर्ण कथा उभी राहिली. आज आपण जिला चिनी पुराणकथा म्हणतो तिचा मोठा भाग तिथल्या कवितेहून वयानं लहान आहे. हे ध्यानात ठेवलंत तर पुढचा सगळा पसारा बराच सोपा जाईल.

एक उदाहरण सावकाश बघू. आकाशातली विणकरीण आणि गुराखी यांची गोष्ट चीनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. विणकरीण म्हणजे आपला अभिजित तारा, गुराखी म्हणजे श्रवण, मधून आकाशगंगा वाहते. दोघांची ताटातूट झालेली. सातव्या चांद्र महिन्याच्या सप्तमीला पक्षी नदीवर पूल करतात आणि त्या एका रात्री त्यांची भेट होते. पाऊस उघडला की भाद्रपद-आश्विनात हे दोन्ही तारे आपल्याकडेही डोक्यावर दिसतात.

आता 'शी-जिंग' उघडा. चिनी कवितांचा हा सर्वांत जुना संग्रह: ३०५ रचना, साधारण इ.स.पू. अकराव्या ते सातव्या शतकातल्या. त्यातली १६० लोकगीतांच्या वळणाची, बाकीची दरबारी आणि यज्ञ-पूजेची. एका रचनेत हे दोन्ही तारे येतात, पण प्रेमाचा मागमूस नाही. कविता आहे त्या काळच्या चौ घराण्यातल्या राजांनी पिळून काढलेल्या पूर्वेकडच्या मुलखाचं गाऱ्हाणं. कवी वर बघून चिडून म्हणतो: विणकरणीचा तारा दिवसातून सात वेळा जागा बदलतो, पण त्याच्याकडून कापड काही निघत नाही, बैलाचा तारा लखलखतो, पण गाडीला जुंपता येत नाही, दक्षिणेकडच्या सुपानं पाखडता येत नाही आणि उत्तरेकडच्या पळीनं मद्य वाढता येत नाही. म्हणजे वर बसलेले सगळे नावाचेच धनी. करांखाली भरडलेल्या माणसाचा हा टोमणा आहे, राजकीय आणि झणझणीत.

हान राजवटीच्या उत्तरार्धात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास, कुणा अज्ञात कवींच्या एकोणीस कविता मिळतात. 'एकोणीस जुन्या कविता' हेच त्यांचं नाव. त्यातल्या एकीत विणकरीण पुन्हा येते. गोरे नाजूक हात मागावर चालतात आणि दिवस सरला तरी कापड पुरं होत नाही. ही ओळ सरळ शी-जिंगमधून आलेली आहे. पण आता कापड पुरं का होत नाही? तर ती रडते आहे म्हणून. नदी उथळ आहे, स्वच्छ आहे, अंतर फार नाही; तरी काठावरून एकमेकांकडे बघत राहायचं, बोलता येत नाही. जुन्या टोमण्यातली एक ओळ उचलली, तिचं कारण बदललं आणि विरहिणी जन्माला आली. पूल अजून नाही, वर्षातून एकदा भेटीची सवलतही नाही. ती पुढे लोकांनी दिली.

पुढे ८०६ साली थांग कवी बाय ज्यू-यी सम्राट श्वानत्सुंग आणि त्याची लाडकी राणी यांग क्वेइफेइ यांच्यावर १२० ओळींचं दीर्घकाव्य लिहितो. त्यात दोघं सप्तमीच्या मध्यरात्रीच शपथ घेतात: आकाशात असू तर जोडपंखी पाखरं होऊ, जमिनीवर असू तर फांद्या गुंतलेली झाडं. तोवर ती रात्र प्रेमिकांची झालेली होती. आणि थांगनंतरच्या सुंग काळात (९६०–१२७९) कवी छिन ग्वान (१०४९–११००) सगळ्या रडारडीला वळसा घालतो. तो म्हणतो, दोघांचं प्रेम टिकाऊ असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ सोबत हवी कशाला? चिनी लग्नपत्रिकांपासून मोबाइलच्या संदेशांपर्यंत आज ही ओळ फिरते.

हे असंच सगळीकडे झालं असं मी म्हणत नाही. शी-जिंगमध्येही पूर्ण कथा आहेत. चौ वंशाचा मूळपुरुष होऊ-जी याच्या जन्माची एक आहे: आई देवाच्या पाऊलखुणेवर पाय ठेवते आणि गर्भवती होते, मूल वाटेवर टाकलं तर गुरं त्याला जपतात, बर्फावर टाकलं तर पाखरं पंखांची ऊब देतात. महाकाव्याचं बी इथे होतं. ते रुजलं का नाही याला मी दोन कारणं देते. एक, लेखन फार लवकर दरबारी नोंदकारांच्या हाती गेलं. दुसरं कारण कन्फ्यूशिअसच्या पंथाचं. गुरुजी चमत्कार, बळाचे पराक्रम, बंडाळी आणि भुतं-देवता यांवर बोलत नसत, असं त्यांच्या वचनसंग्रहातच नोंदलेलं आहे. पीतसम्राटाला चार तोंडं होती हे खरं का, असं एका शिष्यानं विचारल्यावर त्यांनी सांगितलं म्हणे की त्यानं चार दिशांना चार माणसं कारभाराला नेमली होती, एवढाच त्याचा अर्थ. देवाचा असा राजा करायचा, राजाचा आदर्श शासक करायचा आणि त्याला इतिहासाच्या पहिल्या पानावर बसवायचं! इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सिमा छ्येननं इतिहास लिहिला तेव्हा त्याची सुरुवात याच पीतसम्राटापासून झाली.

दक्षिणेत यांगत्सेच्या खोऱ्यातल्या छू राज्यात मात्र वारं वेगळं होतं. तिथे अंगात येणं, देवाला बोलावणं, त्याची वाट बघणं जिवंत होतं. 'नऊ गाणी' या रचनांत गाणारा देवतेला साद घालतो, फुलांनी सजतो, होडी घेऊन निघतो, आणि बहुतेक वेळा देवता येत नाही किंवा येऊन लगेच जाते. याच वातावरणातून छू युआन (इ.स.पू. चौथं-तिसरं शतक) आला. राजानं दूर सारलेला मंत्री, शेवटी मिलुओ नदीत त्यानं जीव दिला अशी परंपरा. 'ली साव' या त्याच्या दीर्घकवितेत देवतेसाठी झुरणं राजासाठी झुरण्यात मिसळून जातं, आणि तिथून पुढे दोन हजार वर्षं प्रत्येक बडतर्फ अधिकाऱ्याला रडायची तयार भाषा मिळाली. मला स्वतःला त्याच परंपरेतली 'आकाशाला प्रश्न' ही जास्त आवडते. नुसते प्रश्न, दीडशेहून अधिक, उत्तर एकाचंही नाही. सगळ्याच्या आरंभाची हकिगत सांगितली कुणी? चंद्र मरतो आणि पुन्हा जन्मतो, हा कोणता गुण त्याच्यात? धनुर्धर यीनं सूर्य पाडले ते कुठे, आणि त्या सूर्यांत राहणाऱ्या कावळ्यांची पिसं कुठे पडली? आपल्याला नासदीय सूक्त आठवल्याशिवाय राहत नाही. पण तिथे एका प्रश्नाची खोली आहे, इथे प्रश्नांची सरबत्ती. गंमत अशी की ज्या कथांबद्दल तो विचारतो त्यातल्या कित्येक आज आपल्याला फक्त त्याच्या प्रश्नांतूनच कळतात.

बाकीच्या कथा विखुरलेल्या आहेत. आकाशाला भोक पडल्यावर न्यूवा देवी पाच रंगांचे दगड वितळवून ते बुजवते, ही गोष्ट इ.स.पू. १३९ मध्ये सम्राट वू याला सादर झालेल्या 'ह्वाय-नान-त्स' ग्रंथात काही ओळींत येते आणि संपते. समुद्रात बुडालेली राजकन्या जिंगवेई नावाचं पाखरू होते आणि काटक्या-खडे टाकून समुद्र बुजवायला निघते, ही 'डोंगर आणि समुद्रांच्या ग्रंथा'त जेमतेम एका परिच्छेदाची. 'चिनी पुराणकथा' म्हणून बाजारात मिळणारी गुळगुळीत पुस्तकं अशा तुकड्यांची गोधडी शिवतात आणि टाके लपवतात. विश्व घडवणाऱ्या पानगूनं त्यांत पहिलं प्रकरण पटकावलेलं असतं, पण त्याची लेखी नोंद मिळते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, कन्फ्यूशिअसनंतर सात शतकांनी. त्याच्या देहापासून डोंगर-नद्या झाल्या ही कल्पना पुरुषसूक्ताच्या जवळची आहे. काहींना त्यात भारताचा हात दिसतो. माझ्या मते साम्य ठळक, पुरावा तुटपुंजा. सर्वांत प्राचीन वाटणारा देव हा लेखनात सर्वांत उशिरा आलेला असतो, हे गू ज्येगांग या इतिहासकारानं १९२३ मध्ये मांडलं तेव्हा चीनमध्ये मोठं वादळ उठलं होतं.

आता घाटाकडे येऊ, कारण थांग कवितेची गोडी लागलेल्यानं हे चुकवलं तर अर्धी मजा गेली. शी-जिंगची ओळ चार अक्षरांची, हान काळानंतर पाचाची आणि मग साताची. दरम्यान त्साव घराण्यातले कवी बापलेक, आणि शेवंती वेचता वेचता दक्षिणेचा डोंगर सहज नजरेस पडलेला थाव युआनमिंग (३६५–४२७) होऊन गेले. थाव सुटा आणि सावकाश वाचा, त्याच्यावर मी इथे घाई करत नाही.

पाचव्या शतकाच्या अखेरीस आजच्या नानजिंगमध्ये शन युए आणि त्याच्या मित्रांनी चिनी भाषेतले चार सूर, म्हणजे अक्षराचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार, ओळखून त्यांचे नियम बांधायला घेतले. आपल्याकडे वृत्त लघु-गुरूंवर चालतं. तिथे सपाट सूर आणि वळता सूर यांवर. हे अचानक तेव्हाच का सुचलं? त्या काळी त्याच शहरात बौद्ध सूत्रांच्या पठणाची मोठी चर्चा चालू होती, संस्कृत स्वरोच्चार चिनी कानांवर पडत होते. त्यातून ही जाण आली, असं इतिहासकार चेन यिनके यांनी १९३४ मध्ये मांडलं. पुढे व्हिक्टर मेअर आणि मेइ त्सू-लिन या चिनी भाषेच्या अभ्यासकांनी संस्कृत श्लोकाशी थेट नातं जोडलं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला चेन यांचा अर्धा युक्तिवाद पुरेसा वाटतो.

या नियमांतून थांग राजवटीत (६१८–९०७) आठ ओळींची नियमबद्ध कविता तयार झाली. पाच अक्षरांची ओळ असेल तर सगळी मिळून चाळीस अक्षरं. ओळीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या अक्षराचा सूर उलट. जोडीतली दुसरी ओळ पहिलीच्या उलट. मधल्या दोन जोड्यांत शब्दासमोर शब्द, नामासमोर नाम, आकड्यासमोर आकडा. सरकारी नोकरीच्या परीक्षेत कविता लिहावी लागे, त्यामुळे हा घाट शिकलेल्या प्रत्येकाच्या हाडीमासी मुरला.

दू फूची (७१२–७७०) एक कविता घ्या. ७५५ मध्ये आन लू-शान या सेनापतीनं बंड केलं, पुढच्या वर्षी राजधानी छांग-आन पडली. दू फू बंडखोरांच्या ताब्यातल्या शहरात अडकला, बायकापोरं दूर. ७५७ च्या वसंतात तो लिहितो. माझ्या कच्च्या मराठीत:

राज्य मोडलं, डोंगर-नद्या आहेत;
शहरात वसंत, गवत-झाडं दाट.
काळ जाणवून फुलं आसवं शिंपतात;
ताटातूट सलते, पाखरं काळीज दचकवतात.
इशाऱ्याच्या आगी लागोपाठ तीन महिने;
घरचं पत्र दहा हजार मोहरांचं.
पांढरं डोकं खाजवून केस आणखी कमी,
आता टोपीची काडीसुद्धा त्यांत ठरत नाही.

'दाट' इथे आनंदाचा नाही. राजधानीच्या रस्त्यात गवत दाट होतं ते माणसं उरली नाहीत म्हणून. तिसऱ्या ओळीत आसवं फुलांची की फुलं बघणाऱ्याची हे मुळात उघडं ठेवलेलं आहे. चिनी ओळीला कर्ता सांगावा लागत नाही, मराठीला सांगावा लागतो, आणि तिथे माझ्यासारख्याची दमछाक होते. मग ती जोडी बघा: आगीसमोर पत्र, तीनसमोर दहा हजार. युद्ध आणि घर दोन पारड्यांत घातले आणि कवीनं स्वतः एक शब्दही काढला नाही. एवढं राज्य-काळ-युद्ध झाल्यावर शेवट कुठे, तर विरळ झालेल्या केसांत न ठरणाऱ्या काडीवर. ती काडी अधिकाऱ्याची टोपी केसांना अडकवायची असते, म्हणजे नोकरीही हातची गेल्यात जमा. पुतळ्यासारखं उभं राहून विलाप करणारे कवी चीनमध्येही ढिगानं आहेत. दू फू डोकं खाजवतो, म्हणून तो दू फू.

कानाची एक गोष्ट. या कवितेची यमकं आजच्या प्रमाण चिनीत म्हटली तर शन, शिन, जिन आणि शेवटी त्सान: शेवटचं जुळत नाही. थांग काळात चारही 'म'कारान्त होती. कँटनीजमध्ये अजून साम, साम, गाम, झाम असं ऐकू येतं. म्हणून यूट्यूबवर थांग कविता ऐकायच्या तर अधूनमधून कँटनीज पठणही ऐका.

ली बायबद्दल (७०१–७६२) मी कमी बोलते, कारण भाषांतरं वाचून आलेला माणूस बहुधा त्याच्याच दारानं आलेला असतो. त्याच काळातला कवी वांग वेई, त्याचं नाव मात्र बघाच. 'वेई' हे नाव आणि 'मोज्ये' हे दुसरं नाव जोडलं की 'वेइमोज्ये' होतं, म्हणजे विमलकीर्ती, बौद्ध सूत्रातला गृहस्थ ज्ञानी. हा माणूस आपलं नाव दोन तुकड्यांत घेऊन जन्मभर वावरला.

सुंग काळात 'त्स' हा गेय प्रकार बहरला. मराठी वाचकाला तो समजावणं सोपं: नाट्यपदावर जशी 'चाल अमुक' अशी नोंद असते, तशी इथे चालीचं नावच कवितेचं शीर्षक असतं आणि मजकुराशी त्याचा संबंध असेलच असं नाही. सू शीनं (१०३७–११०१) १०७६ च्या शरद पौर्णिमेला दूरच्या भावासाठी लिहिलेली 'त्स' आजही त्या सणाला गातात. १०७९ मध्ये कवितांतून सरकारची निंदा केली म्हणून त्यालाच तुरुंगात टाकलं होतं. कवितेला तिथे किती गांभीर्यानं घेत याचा हा, नोकरीच्या परीक्षेनंतरचा, दुसरा पुरावा. ली छिंगजाव (जन्म १०८४) या कवयित्रीची एक रचना सलग सात जोडशब्दांनी सुरू होते. मराठीत जोडशब्दांची कमी नाही, तरी सात ओळीनं ठेवून हुंदका ऐकवणं अजून मला साधलेलं नाही.

गद्य आणि कादंबरीच्या उगमाशी पुन्हा भारत येतो. १९०० मध्ये वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेल्या पोथ्यांत गद्य-पद्य मिसळून, बहुधा चित्रं दाखवत सांगायच्या कथा मिळाल्या. मेअर यांनी या पद्धतीचं मूळ भारतीय चित्रकथनात शोधलं. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही जातकुळी सांगायला नको. पुढच्या कादंबऱ्यांमध्ये ऐन लढाईत कविता का येतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आता माकडराजा. खरा ह्युएनत्संग, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग, ६४५ मध्ये भारतातून परतला. त्याच्या प्रवासवर्णनात 'मो-हो-ला-छा' म्हणजे महाराष्ट्र आहे, पुलकेशी आहे, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत पण अपमानाचा सूड घेतात, तोही शत्रूला आधी सांगून, असं वर्णन आहे. माकडराजा ज्यात येतो त्या 'पश्चिमेचा प्रवास' या कादंबरीत हाच धीट प्रवासी रडका भिक्षू होतो आणि सगळं काम माकड करतं. १५९२ च्या छापील आवृत्तीत शंभर अध्याय आहेत, पण माकड त्याआधीपासून होतं: च्युआनजोऊच्या मंदिरातल्या तेराव्या शतकातल्या दगडी मनोऱ्यावर तलवारधारी माकड कोरलेलं आहे, आणि त्याच बंदरात तमिळ व्यापारी राहत होते. माकडाचं मूळ कुठलं यावर विचारवंत हू शी यांनी १९२३ मध्ये हनुमानाकडे बोट दाखवलं. लेखक लू शुन यांनी चीनमधल्याच ह्वाय नदीतल्या साखळदंडानं बांधलेल्या वानरराक्षसाकडे. वाल्मीकी रामायण चिनीत आणणारे जी श्येनलिन हनुमानाच्या बाजूचे. माझं मत: आकाशात उडणं, रूप बदलणं, शत्रूच्या पोटात शिरणं या युक्त्या भारतातून गेल्या असाव्यात, स्वभाव गेला नाही. मारुती दास्यभक्तीचा आदर्श, वुकोंग मुळात बंडखोर, स्वर्गात घुसून राणीमातेच्या बागेतली अमरत्वाची फळं खाणारा. ही पश्चिमेची राणीमाता जुन्या ग्रंथात बिबट्याची शेपटी आणि वाघाचे दात असलेली, रोगराईची देवता होती. तिची बागवाली सम्राज्ञी होईपर्यंत कवींच्या कित्येक पिढ्या खपल्या.

वाचायचा क्रम विचाराल तर चार ओळींच्या थांग कवितांपासून सुरू करा, मूळ लिपी समोर ठेवून आणि दोन वेगळी भाषांतरं शेजारी घेऊन. मग दू फू सलग, मग मागे जाऊन शी-जिंगमधली लोकगीतं. 'ली साव' पहिल्या वर्षी उघडू नका. वनस्पतींची नावंच दम काढतात. आणि माकडराजा वाचायचा तर आर्थर वेली यांच्या १९४२ च्या प्रसिद्ध संक्षेपावर थांबू नका. भाषा सुरेख आहे, पण त्यात शंभरातले तीसच अध्याय आहेत आणि बहुतेक कविता गाळलेल्या. अँथनी यू यांचे चार खंड जाडजूड आहेत, महागही आहेत. ग्रंथालयातून एकेक आणा. कविता त्यांनी सगळ्या ठेवल्या आहेत.